श्वासातला अमोनिया

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव लाभलेले राजाजीनगर हे बंगळूरमधील औद्योगिक वसाहतीचे आणि नोकरदारांचे उपनगर. येथील ई. एस. आय. रुग्णालय कामगार कुटुंबांच्या चांगले परिचयाचे. येथे काय किंवा अन्यत्र काय, मूत्रपिंडविकाराचा जुना रुग्ण असलेल्या घरात एका गोष्टीची वाच्यता सहसा होत नाही, ती म्हणजे रुग्णाच्या मुखाला येणारी दुर्गंधी. रुग्ण तोंडाशी रुमाल धरून बोलू लागतो, नातवंडांना जवळ घेण्याचे टाळतो. घरच्यांना वाटते, दात नीट घासत नसावेत.

हा समज रुग्णावर अन्याय करणारा आहे. मूत्रपिंडे निकामी होत गेली की रक्तात साचलेला युरिया लाळेत उतरतो. तोंडातील काही जीवाणूंजवळ युरिएज हे विकर असते; ते युरियाचे विघटन करून अमोनिया मोकळा करते. लघवीसारखा उग्र दर्प येतो तो यामुळे. रक्तातील डायमिथाइलअमीन व ट्रायमिथाइलअमीन ही द्रव्ये श्वासावाटे बाहेर पडतात आणि त्या दर्पात मासळीच्या वासाची भर घालतात. जिभेवर धातूसारखी चव रेंगाळते, अन्नावरची इच्छा उडते. त्यातच पाणी मोजून प्यायचे पथ्य व काही औषधे यांमुळे तोंड कोरडे पडते. गंमत अशी, की अमोनियामुळे लाळ अल्कधर्मी होऊन दात किडण्याला काहीसा आळा बसतो. दातांवर कीटण मात्र अधिक चढते आणि हिरड्या सुजतात.

डायलिसिसने युरिया उतरला की दर्प सौम्य होतो. पुढची पाळी जवळ येईल तसा तो पुन्हा जाणवू लागतो. दात व जीभ स्वच्छ ठेवल्याने उपयोग होतोच. दात काढायचा असल्यास तो बहुधा डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढतात, कारण डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते. कोरड्या तोंडावर उतारा म्हणून बंगळूरच्या नाक्यानाक्यावर मिळणारे शहाळे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते रक्तात वाढल्यास हृदयाची लय बिघडते.

मुखदुर्गंधीचे मूळ बहुतेकांच्या बाबतीत तोंडातच असते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. परंतु मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी दर्पाची वाट पाहत थांबू नये. तो येतो तेव्हा विकार बराच पुढे गेलेला असतो. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांची वार्षिक तपासणी त्याच्या कितीतरी आधी सूचना देते.