भाजलेली अळंबी, चीज आणि कामगाराचा डबा

अळंबी आणि चीज ही नावे घेतली की आपल्या शहरातील कामगार वस्तीत बहुधा एकच उत्तर मिळते, "ते हॉटेलातले खाणे." युनियनच्या कार्यकर्त्याने बोनस आणि पगारवाढ सोडून स्वयंपाकावर बोलावे याचेही काहींना नवल वाटेल. परंतु पगाराचा मोठा वाटा शेवटी जातो कोठे? डब्यातच ना? चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे पाळीने राबणाऱ्या माणसाच्या पोटात काय पडते, हा प्रश्न आम्ही मजुरीच्या प्रश्नाहून वेगळा मानीत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी उपाहारगृहाची, आणि त्याच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींची तरतूद झाली, ती काही उगीच नव्हे.

तेव्हा आधी हिशेब. अळंबीला लोक हल्ली मशरूम म्हणतात, आणि ती म्हणजे शाकाहाऱ्यांचे मटणच, असे तिचे कौतुकही होते. हे कौतुक तपासून घेतले पाहिजे. ताज्या अळंबीत शंभरातले नव्वद भाग पाणीच असते. १०० ग्रॅममध्ये प्रथिने साधारण ३ ग्रॅम. म्हणजे २०० ग्रॅमच्या पुड्यात ६. चीजमध्ये ती शंभरास वीसच्या आसपास असतात, म्हणून ५० ग्रॅम चीजमधून १० मिळतात. दोन्ही मिळून १६ ग्रॅम झाली. चौघांत वाटली की माणशी ४. एवढ्यावर आठ तास यंत्रापाशी उभे राहता येत नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातच सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात! म्हणून अळंबी ताटात आली म्हणजे वरण ताटातून जावे असे कोणी समजू नये.

मग ती आणावी कशाला? तिच्यात चरबी जवळजवळ नाही, 'ब' गटातील काही जीवनसत्त्वे चांगली आहेत, आणि एक गुण असा आहे की तो रात्रपाळीच्या माणसाने ध्यानात ठेवावा. आपल्या कातडीप्रमाणेच अळंबीही उन्हात 'ड' जीवनसत्त्व तयार करते. दिवसा झोपून रात्री कामाला जाणाऱ्याला ऊन मिळत नाही. अळंबीच्या चकत्या करून त्या भर दुपारच्या उन्हात अर्धा तास ताटात पसरून ठेवाव्यात, आणि मग चुलीकडे न्याव्यात. भाजल्याने ते सत्त्व सगळे जात नाही. आपल्या मराठवाड्यात ऊन विकत घ्यावे लागत नाही, एवढी तरी सोय आहे.

आता कृती. २०० ग्रॅम अळंबी झटपट धुवावी, भिजत घालू नये, आणि फडक्याने कोरडी करावी. बोटाएवढ्या जाड चकत्या कराव्यात. लोखंडी तवा चांगला तापवावा आणि तेल न घालता चकत्या एकेरी थरात पसराव्यात. एकावर एक रचल्या तर त्या भाजत नाहीत, शिजतात. म्हणून तवा लहान असल्यास दोन खेपा कराव्यात. झाकण ठेवायचे नाही, मीठ घालायचे नाही, आणि मुख्य म्हणजे उलथने सारखे फिरवायचे नाही.

याचे कारण सोपे आहे. पाणी आहे तोवर पदार्थाची उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंग व खमंग वास यायला त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. भाकरीचे पापुद्रे आणि भाजलेल्या वांग्याचा वास याच नियमाने येतो. मीठ आधी पडले तर पाणी एकदम सुटते आणि तव्यावर रस्सा होतो. तीन-चार मिनिटांत पाणी सुटते, आटते, मग कडा लालसर होतात. तेव्हा चकत्या उलटाव्यात, चमचाभर करडईचे तेल सोडावे, आणि ठेचलेली लसूण, हिरवी मिरची व उभी चिरलेली ढोबळी मिरची घालून आणखी तीन मिनिटे परतावे.

तवा खाली उतरवल्यावरच ५० ग्रॅम चीज किसून वर पसरावे आणि मिनिटभर झाकावे. विस्तवावर ठेवून चीज तापवत राहिले तर त्यातील प्रथिने आवळून चिवट होतात आणि तूप वेगळे सुटते. वरून मिरपूड. मीठ बहुतेक लागत नाही, कारण चीजमध्ये ते भरपूर असते. रक्तदाबाची तक्रार असणाऱ्याने तर चीज निम्मेच घ्यावे. थोडक्यात चव कशी भागते? १९०८ साली तोक्यो येथील किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशैवालाच्या कढणातून ग्लुटामेटची चव वेगळी ओळखली. हे द्रव्य मुरलेल्या चीजमध्ये असते, अळंबीतही असते. आणि अळंबीतील दुसरी काही द्रव्ये त्या चवीला उठाव देतात. या जोडीमुळे मिठाचा हात आखडता घेता येतो.

दोन सूचना मात्र निक्षून. पावसाळ्यात वारुळावर किंवा उकिरड्यावर उगवलेल्या छत्र्या पक्की ओळख नसताना आणू नयेत. चांदीचा चमचा किंवा लसूण काळी पडली नाही म्हणजे अळंबी निर्विष, हा समज निखालस खोटा आहे. काही विषे कितीही शिजवली तरी जात नाहीत. लागवडीचीच अळंबी घ्यावी. धिंगरी जातीची अळंबी तर गव्हाच्या काडावर आणि सोयाबीनच्या भुसावर होते, आणि हे दोन्ही आपल्या भागात मुबलक आहे. दुसरी सूचना चीजविषयी. दूध गोठविण्यासाठी पूर्वापार वासराच्या जठरातील रेनेट वापरीत. आता सूक्ष्मजीवांपासून काढलेलेही असते. शाकाहारी घरांनी वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

डब्यासाठी हाच पदार्थ न्यायचा तर चीज घरी घालू नये. चार तासांनी ते थिजून रबरासारखे होते. अळंबी कोरडी भाजून, पूर्ण निवाल्यावरच डब्यात भरावी, नाहीतर झाकणाला पाणी सुटून ती गिळगिळीत होते. चीजचा तुकडा वेगळा बांधून न्यावा. उपाहारगृहात तवा मिळाला तर भाकरी त्यावर गरम करून, भाकरीतच अळंबी आणि चीज दुमडावे; चीज दोन मिनिटांत विरघळते.