सर्वांत कमी दराचा पोशाख

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवावयास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात. परंतु जवानांनी अंगावर काय घालून आगीत शिरावे, हे प्रत्यक्षात ठरविते ती निविदा.

सरकारी खरेदीची रीत कारकुनी पेशातील वाचकांना नवी नाही. पहिल्या लिफाफ्यात तांत्रिक पात्रता, दुसऱ्यात दर. पहिल्यात कोण काठावर उत्तीर्ण झाला आणि कोण प्रथम श्रेणीत, याला पुढे काहीच मोल उरत नाही; दुसरा लिफाफा उघडला की ज्याचा दर कमी, त्याचा माल. खडू आणि खुर्च्या घेण्यास ही पद्धत उत्तम आहे, आणि वशिल्याला तिने थोडाफार आळा घातला हेही मान्य केले पाहिजे. पण ज्या वस्तूचा गुण डोळ्यांना दिसत नाही, तिच्या बाबतीत ती घातक ठरते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले होते की, ग्राहकाला बरे-वाईट ओळखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो.

अग्निरोधक पोशाख ही अशीच वस्तू. त्यात तीन थर असतात. बाहेरचा ज्वाळा सोसतो, आतला उष्णता अडवितो. मधला थर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. खरी किंमत बव्हंशी या मधल्या थरात दडलेली असते. तो हलका असला तरी पोशाख फळीवर रुबाबदारच दिसतो. 'जेवढा जाड तेवढा चांगला' हा समजही चुकीचाच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम कोंडला की शरीर आतूनच तापते आणि त्याचा भार हृदयावर पडतो.

पाठीवरील नळकांड्याचेही तसेच. (वृत्तपत्रे त्याला ऑक्सिजनचे म्हणतात, त्यात असते ती दाबाखाली भरलेली साधी हवा.) ६ लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर हा हिशेब धरून कागदावर '४५ मिनिटे' लिहिले जाते. पाण्याने भरलेली नळी घेऊन सहावा मजला चढणारा माणूस या हिशेबाने श्वास घेत नाही. म्हणून एका संचामागे जादा नळकांडी किती आणि ती भरण्याचे यंत्र कोठे, हे आधी विचारावयास हवे.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसाय कर्करोगकारक ठरविला. काजळीने माखलेला पोशाख धुतल्यावाचून पुन्हा घालणे हे त्यामुळे केवळ अस्वच्छतेचे प्रकरण राहिलेले नाही. प्रत्येकी दोन पोशाख आणि धुलाईची स्वतंत्र सोय यांचा खर्च मूळ अंदाजातच धरला पाहिजे. समजा, एक पोशाख २० हजारांचा व तीन वर्षे टिकणारा, दुसरा ५० हजारांचा व दहा वर्षे टिकणारा. पहिल्याचा वार्षिक खर्च साडेसहा हजारांहून अधिक, दुसऱ्याचा पाच हजार. निविदा मात्र पहिल्यालाच स्वस्त म्हणते.

काळबादेवीच्या गोकुळ निवासातील आगीत २०१५ साली मुंबई दलाचे चार अधिकारी बळी पडले. त्यांत दलाचे प्रमुखही होते. कोसळत्या इमारतीपुढे कोणताही पोशाख अपुराच, हे खरे. पण अशा अरुंद गल्ल्यांत उंच शिड्यांच्या अवजड गाड्यांचाही उपयोग मर्यादितच असतो, आणि आपल्या अंदाजपत्रकांना मोह पडतो तो त्यांचाच. शिडीचे उद्घाटन करता येते. हातमोज्यांचे कोण करणार?

राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ साली ५००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अशा पैशातून खरेदी करताना नमुने आधी जवानांनी महिनाभर वापरून पाहावेत, त्यांत स्त्री जवानही असाव्यात, कारण पुरुषी मापाचा सैल पोशाख हालचाल अडवितो. त्यांनी दिलेल्या गुणांना दराच्या बरोबरीने वजन असावे, आणि दराची तुलना वार्षिक खर्चावर व्हावी. लेखापरीक्षक हरकत घेतील, हा आक्षेप पुढे येईल. त्यावर उपाय साधा आहे: हे निकष निविदेतच आगाऊ छापावेत.