विश्लेषण : शरीरातून काढलेल्या पेशींवर हक्क कोणाचा? रुग्णाचा, डॉक्टरांचा की कंपनीचा?

बायोप्सीसाठी घेतलेला तुकडा, शस्त्रक्रियेत काढलेली गाठ, तपासणीनंतर नळीत उरलेले रक्त यांचे पुढे काय होते, हे रुग्ण सहसा विचारत नाही. बरेचसे नष्ट केले जाते. काही संशोधनासाठी वापरले जाते आणि त्यातून कधी कधी पेटंट, औषध आणि मोठा पैसाही उभा राहतो. रुग्णाला न विचारता असे करता येते का? या प्रश्नावर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिलेल्या निकालाचा दाखला आजही दिला जातो.

जॉन मूर प्रकरण काय होते?

सिअॅटल येथील जॉन मूर यांना १९७६ मध्ये ‘हेअरी सेल ल्युकेमिया’ हा रक्ताचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचे निदान झाले. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. डेव्हिड गोल्ड यांनी प्लीहा काढण्याचा सल्ला दिला. तो त्या काळचा प्रचलित उपचार होता आणि शस्त्रक्रियेनंतर मूर यांची प्रकृती सुधारली. खटकणारी गोष्ट वेगळी होती. मूर यांच्या तक्रारीनुसार, प्लीहेचे तुकडे संशोधनासाठी मिळवण्याची व्यवस्था शस्त्रक्रियेपूर्वीच झाली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे १९८३ पर्यंत मूर तपासणीसाठी सिअॅटलहून लॉस एंजेलिसला येत राहिले. प्रत्येक वेळी रक्त, अस्थिमज्जा, त्वचा, वीर्य असे नमुने घेतले गेले. हे सगळे आपल्या प्रकृतीसाठी आवश्यक आहे, असाच त्यांचा समज करून देण्यात आला होता. दरम्यान १९७९ पर्यंत त्यांच्या पेशींपासून ‘मो’ नावाची सेल लाइन तयार झाली होती. १९८१ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९८४ मध्ये पेटंट मिळाले. जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीबरोबरच्या करारात ७५ हजार शेअर आणि किमान ३ लाख ३० हजार डॉलरचा समावेश होता.

मूर यांना संशय आला तो एका फॉर्ममुळे. आपल्या रक्तापासून किंवा अस्थिमज्जेपासून तयार होणाऱ्या उत्पादनावरील सर्व हक्क विद्यापीठाला ‘देतो / देत नाही’ असा पर्याय त्यात होता. मूर यांनी ‘देत नाही’वर खूण केली. त्यानंतर ‘चुकीच्या ठिकाणी खूण झाली आहे’ असे सांगणारा फोन आला. त्यांनी वकील गाठला आणि पेटंटचा उलगडा झाला.

या पेशींना एवढी किंमत का?

शरीराबाहेर काढलेल्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत मोजक्या वेळा विभागतात आणि मरतात. सेल लाइन मात्र वर्षानुवर्षे वाढत राहते, म्हणजे एकदा उभारलेला आणि बंद न पडणारा कारखानाच. मूर यांच्या पेशी रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही प्रथिने नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात तयार करत होत्या. औषध कंपन्यांना नेमकी तीच हवी होती.

न्यायालयाने काय म्हटले?

निम्मे मूर यांच्या बाजूने, निम्मे विरोधात. रुग्णावर उपचार करताना डॉक्टरांचा संशोधनात किंवा पैशात हितसंबंध असेल, तर तो संमती घेण्यापूर्वी सांगणे बंधनकारक आहे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र काढलेल्या पेशी ही मूर यांची मालमत्ता असल्याचा दावा फेटाळला. प्रत्येक नमुन्याचा मालक शोधत बसावे लागले तर संशोधन ठप्प होईल, अशी भीती त्यामागे होती. ती निराधार नाही. पण विद्यापीठ, डॉक्टर आणि कंपनी यांना ज्या पेशींतून कमाई करता येते, त्यात फक्त ज्याच्या त्या होत्या त्यालाच वाटा नाही, हे पटवून घेणे कठीणच आहे. न्या. स्टॅनली मॉस्क यांनी वेगळ्या निकालपत्रात बहुमताच्या या भूमिकेला कडाडून विरोध केला होता.

हेला पेशींचे काय झाले?

हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांना न सांगता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ३१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या ‘हेला’ पेशी पोलिओ लशीच्या संशोधनापासून आजपर्यंत वापरात आहेत. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या संग्रहातही त्या आहेत. लॅक्स यांच्या वारसांनी थर्मो फिशर सायंटिफिक या कंपनीवर २०२१ मध्ये दावा केला तो ‘अन्याय्य मार्गाने नफा कमावला’ या मुद्द्यावर. २०२३ मध्ये तडजोड झाली, अटी गुप्त राहिल्या. त्यामुळे मालकीच्या प्रश्नावर न्यायालयीन उत्तर त्यातूनही मिळाले नाही.

अमेरिकेत ओळख पुसलेले उरलेले नमुने आजही अनेकदा संमतीशिवाय वापरता येतात. हे बदलण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये आला होता, पण २०१७ च्या अंतिम नियमांतून तो वगळला गेला.

भारतात काय स्थिती आहे?

इथे कागदावरची भूमिका रुग्णाच्या अधिक बाजूची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुना आणि त्यासंबंधीची माहिती यांची मालकी संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीकडेच राहते, बायोबँक केवळ राखणदार असते. दिलेला नमुना परत घेण्याचीही मुभा आहे. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनी या तत्त्वांचे पालन आवश्यक केले. मात्र तपासणीनंतर उरलेल्या, ओळख पुसलेल्या नमुन्यांसाठी नीतिमत्ता समिती संमतीची अट शिथिल करू शकते.

रुग्णाचा या साऱ्याशी संबंध येतो तो पॅथॉलॉजी विभागात. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून वर्षानुवर्षे जपला जातो. दुसऱ्या मतासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात येणारे बाहेरगावचे नातेवाईक हेच ‘ब्लॉक’ आणि स्लाइड पिशवीतून घेऊन येतात. दाखल होताना सही केलेल्या कागदात उरलेला नमुना संशोधनासाठी वापरण्याबाबतचे वाक्य असू शकते. ते आहे का, नाही म्हणता येते का आणि नमुन्यावरची ओळख कायमची पुसली जाणार का, हे सही करण्यापूर्वी विचारता येते. ओळख एकदा पुसली की कोणता नमुना कोणाचा हे रुग्णालयालाही सांगता येत नाही आणि तो परत मागण्याची मुभा कागदावरच राहते.