कर्मचाऱ्यांचे ई-मेल : जतन, कायदा आणि खासगीपणा

'दप्तर' हा शब्द मराठीत फारसीतून आला. दप्तर म्हणजे केवळ कागदांचा साठा नव्हे. कोणता कागद कोठे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे सांगता येणारी ती व्यवस्था होय. महाविद्यालयांतील नेमणूक, रजा, वेतन व तक्रारी यांचा बराच पत्रव्यवहार आता ई-मेलने होतो. त्याचे दप्तर मात्र अनेकदा नसते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 7 नुसार कायद्याने जपावयाची नोंद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येते. मात्र ती पुढे वाचता आली पाहिजे, मूळ रूपात राहिली पाहिजे आणि तिच्यासोबत पाठविणारा, स्वीकारणारा, दिनांक व वेळ यांचा तपशील हवा. म्हणून ई-मेलची छापील प्रत काढून मूळ ई-मेल पुसून टाकणे धोक्याचे ठरते.

याबाबत जालन्याचे प्रकरण बोधप्रद आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी विजयी झाले. त्यांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण हा पुरावा होता. परंतु मागणी करूनही अधिकाऱ्यांनी त्याचे प्रमाणपत्र दिले नाही. मूळ उपकरण सादर होत नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी ठरविले. सर्व प्रयत्न करूनही ते न मिळालेल्या गोरंट्याल यांना मात्र सूट दिली. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. ई-मेललाही हाच नियम लागू होतो. थकीत वेतनासाठी दाद मागणाऱ्या शिक्षकाचा आधार संस्थेच्या संगणकात असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

तथापि, सर्व काही कायमचे साठविणे हा उपाय नव्हे. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 चे तत्त्व असे की, हेतू संपल्यावर माहिती पुसावी. अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक असेल तेवढाच अपवाद. आजारपणाच्या रजेच्या ई-मेलमध्ये निदानही असू शकते. ते वर्षानुवर्षे कोणालाही दिसावे, असे कारण नाही.

यास्तव प्रत्येक संस्थेने लेखी धोरण ठरवावे : कोणत्या प्रकारचा ई-मेल किती वर्षे ठेवावयाचा, तो कोण पाहू शकेल, प्रमाणपत्र कोण देईल आणि मुदतीनंतर तो कसा नष्ट होईल. वाद सुरू असेल तर संबंधित ई-मेल नष्ट करणे थांबवावे. हे धोरण कर्मचाऱ्यांना नेमणुकीच्या वेळीच कळविले पाहिजे. जतन आणि खासगीपणा हे परस्परविरोधी नाहीत. दोहोंना मुदत व जबाबदार व्यक्ती लागते.