अडलेली वाट आणि ख्रिस्ती श्रद्धा



शाळेंत गणित शिकवितांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं, उदाहरण अडलें म्हणजे लगेच मागचें पान उलटून उत्तर पाहूं नये. आधीं काय दिलें आहे आणि काय काढावयाचें आहे, हें मांडावें. आयुष्यांतील उदाहरण अडतें तेव्हां मात्र आपण बहुतेक सारे मागचेंच पान शोधूं लागतों. कोणी ज्योतिषाकडे जातो, कोणी नवस बोलतो, आणि आम्हां ख्रिस्ती लोकांपैकीं कोणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतो व जेथें बोट पडेल तो देवाचा हुकूम समजतो. याला श्रद्धा म्हणतां येणार नाहीं. ही सोडत झाली. मग श्रद्धा अडचणीच्या वेळीं माणसाला नेमकी कोणती मदत करते, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संकट आलें म्हणजे त्या मनुष्याचें कांहीं तरी पाप असलेंच पाहिजे, अशी समजूत सर्व धर्मांच्या लोकांत आढळते. जुन्या करारांतील ईयोबाचा ग्रंथ या समजुतीला उत्तर देतो. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाचा संबंध त्याच्या पापाशीं जोडतात, आणि शेवटीं देव त्या मित्रांनाच दोष देतो. योहानाच्या शुभवर्तमानांत एका जन्मांध मनुष्याची गोष्ट आहे. हा आंधळा जन्मला तो स्वतःच्या पापामुळें कीं आईबापांच्या, असें शिष्य विचारतात. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या मनुष्याला दृष्टि देण्याच्या कामास लागतो. संकटांत सांपडलेल्याची चौकशी करण्यापेक्षां त्याच्या उपयोगीं पडावें, हा त्यांतील धडा आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत या धड्याची फार गरज आहे. कापसाच्या शेतींत कर्जबाजारी होऊन जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्यांनीं या जिल्ह्याचें नांव देशभर झालें. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदतीची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. अशा घरीं जाऊन त्या विधवेला उपदेश करणें हें धर्माचें काम नव्हे. तिच्याजवळ बसणें, मुलांची फी भरणें, बँकेंत तिच्याबरोबर जाणें हें धर्माचें काम होय. ज्याचें मन जगण्यास विटलें असेल त्याला वैद्याकडे नेणें, हेंही प्रार्थनेइतकेंच आवश्यक आहे. श्रद्धा औषधाची किंवा हिशेबाची जागा घेत नाहीं.

दुसरा गैरसमज प्रार्थनेविषयीं आहे. प्रार्थना केली म्हणजे अडचण टळते, असें पुष्कळांस वाटतें. परंतु गेथशेमाने बागेंत स्वतः येशूनें आपलें दुःख टळावें अशी विनंती केली, आणि तें टळलें नाहीं. तो आपली इच्छा लपवीत नाहीं. ती बोलून दाखवितो आणि मग पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन होतो. ख्रिस्ती प्रार्थनेच्या या दोन पायऱ्या आहेत. पहिली गाळली तर प्रार्थना ढोंग होते, दुसरी गाळली तर ती हट्ट होते.

आतां निर्णयाचा प्रश्न. याविषयीं महाराष्ट्राला सुपरिचित असें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें आहे. १८९३ सालीं ते नागपुराकडून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. डब्यांत अर्नेस्ट वॉर्ड नांवाचे मिशनरी भेटले. ते फ्री मेथडिस्ट पंथाचे होते. आमच्या जिल्ह्यांत उमरीचें मिशन रुग्णालय ज्या पंथानें चालविलें, तोच हा पंथ. त्यामुळें ही गोष्ट आम्हांस कांहींशी घरची वाटते. वॉर्डसाहेबांनीं टिळकांना शास्त्राची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकित केलें. टिळक तेथल्या तेथें ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांनीं वाचलें, शंका घेतल्या, पत्रव्यवहार केला, विरोध सोसला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनीं दिली नाहीं, हें सांगितल्याखेरीज ही गोष्ट पुरी होत नाहीं. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलें. पदरीं लहान मुलगा, नवरा जिवंत असून घर नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं कांहीं वर्षें आप्तांकडे काढलीं. सत्य सांपडलें म्हणून निघालेल्या मनुष्याच्या पाठीमागें रडणारें कोणी असूं शकतें. ज्याला हें दिसत नाहीं, त्याची श्रद्धा अजून कच्ची समजावी.

पुढें लक्ष्मीबाई टिळकांकडे राहावयास आल्या, त्या आपला धर्म आणि सोंवळें घेऊन आल्या. त्यांचें पाणी वेगळें, स्वयंपाक वेगळा. टिळकांनीं ही व्यवस्था चालूं दिली. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनीं स्वतःच स्वतःस घातला, तो माणसानें केला असें उत्तर त्यांना स्वतःसच मिळालें, आणि मग १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पतीचा निर्णय पतीचा होता, पत्नीचा पत्नीचा. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं, त्या कोणाच्या मागून मुकाट्यानें चालणाऱ्या नव्हत्या. विश्वास उसना घेतां येत नाहीं आणि दुसऱ्यावर लादतांही येत नाहीं, हें या जोडप्याच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें इतरत्र क्वचित् दिसेल.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहून निराळें आहे. १८८२ सालीं त्यांना वैधव्य आलें, १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि पुढील आयुष्य निराधार स्त्रियांसाठीं वेंचलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्या वेळीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करण्याचें त्यांचें काम चाललेलें होतें. तें त्यांनीं सोडलें नाहीं. पुढल्याच वर्षीं, १९२२ सालीं, त्याही निवर्तल्या. दुःख गेलें म्हणून काम झालें असें येथें नाहीं. दुःख असतांच काम झालें.

थोरांच्या गोष्टींनंतर आपली सांगण्यास संकोच वाटतो. पण श्रद्धेची परीक्षा बहुधा लहान जागींच होते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा मास्तर. एका खेड्यांतील शाळेचा कारभार माझ्याकडे होता. गांवांतील एक भला शेतकरी मजकडे आला. त्याचा मुलगा भरतीच्या वयाहून कांहीं महिन्यांनीं मोठा ठरत होता. दाखल-खारीज रजिस्टरांत जन्मतारखेचा एक आंकडा बदलला असता तर मुलाचें काम झालें असतें. मुलगा गुणी होता, घरची गरिबी मला ठाऊक होती. शिवाय माझ्या मुलीचें लग्न ठरलेलें, पैसा कमी, आणि या गृहस्थानें पूर्वीं एकदां मला अडचणींत हातउसने दिलेले.

मीं तीन रात्री प्रार्थना केली. तिसऱ्या रात्रीं लक्षांत आलें कीं, मी देवापाशीं प्रकाश मागत नसून परवानगी मागत होतों. पत्नीला सारें सांगितलें. ती म्हणाली, “मास्तर, ज्या मुलाचा बाप तुमच्याकडे आला नाहीं, त्याची जागा कोणाला जाईल?” तें मला सुचलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मीं नकार दिला आणि वयाची अट नसलेल्या कामांसाठीं मुलाचे अर्ज स्वतः लिहून दिले.

याचें कांहीं गोड फळ मिळालें असें मी सांगणार नाहीं. त्या गृहस्थानें बोलणें सोडलें. मुलीच्या लग्नाला तो आला नाहीं, याचें मला अजून वाईट वाटतें. लग्नही पैशाअभावीं वर्षभर लांबलें. मग श्रद्धेनें दिलें काय? नकार देतांना त्या मनुष्याचा राग येऊं दिला नाहीं, आणि पुढें त्या रजिस्टरावर सही करतांना माझा हात कांपला नाहीं. इतकेंच दिलें, आणि तें थोडें नाहीं.

तेव्हां अडचणीच्या वेळीं मी जी रीत पाळतों ती सांगून पुरे करतों. प्रथम आपली इच्छा देवापुढें खरेपणानें बोलावी. मग शास्त्र वाचावें, पण तें सुटें वाक्य उचलण्यासाठीं नव्हे, तर येशू माणसांशीं कसा वागला हें पाहण्यासाठीं. माझ्या या पावलानें कोण दुखावेल आणि कोणाचा हक्क जाईल, हें विचारावें. आपल्याला गोड वाटेल तेंच न बोलणाऱ्या एका तरी माणसाचा सल्ला घ्यावा. घाई नसेल तर थांबावें; टिळक दोन वर्षें थांबले, लक्ष्मीबाई त्याहूनही अधिक. आणि निर्णय झाला म्हणजे त्याची किंमत आपण द्यावी, दुसऱ्याकडून शक्य तों घेऊं नये.

इतकें करूनही चूक होऊं शकते. त्या वेळीं क्षमा मागण्याची वाट उघडी असते, आणि ख्रिस्ती मनुष्याचा सर्वांत मोठा भरंवसा त्या वाटेवरच आहे.