धानाच्या बांधीतील वहिवाट (लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांचा परिचय करून घेताना त्यांच्या पाण्यावर पोसणारी भंडारा-गोंदियाची धानशेती मुद्दामच बाजूस ठेविली होती. कारण गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांच्या कब्जात गेलेले आणि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झालेले ते तलाव व त्यांच्याखालची शेते ही महसुली दप्तरात निरनिराळी लिहिलेली असली, तरी पाखरांच्या लेखी ती एकच पाणथळ आहे. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन येणारा हौशी निरीक्षक तलावावरची बदके मोजून परततो आणि वाटेतल्या बांध्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

धानशेतातील पक्षिवैविध्याचे मर्म पिकापेक्षा पाण्याच्या खोलीत आहे. आषाढात चिखलणी सुरू झाली की उलटणाऱ्या मातीतून बाहेर पडणाऱ्या किड्यांवर आणि बेडकांवर टपलेले गायबगळे नांगरामागे चालू लागतात. रोवणी होऊन बांधीत उथळ पाणी स्थिरावले की ढोकरी येते, आणि मुग्धबलाक हा करकोचा येतो, ज्याच्या मिटलेल्या चोचीतही मध्यभागी फट राहते आणि जो खालच्या चोचीच्या टोकाने शंखातील गोगलगाईचा स्नायू तोडून तिला अलगद बाहेर ओढतो. पुढे धान दाटले की बगळे धुऱ्यांवर सरतात, आतली गर्द जागा पाणकोंबडीकडे जाते, आणि सुगरणीचा नर पात्यांच्या कडेला चोचीने चीर पाडून लांबच लांब धागे ओढून नेतो. लोंबी भरल्यावर मुनियांचे थवे उतरतात, तेव्हा मात्र शेतकऱ्याच्या मुखी पाखरांविषयी स्तुतिपर उद्गार नसतात, आणि ते स्वाभाविकच आहे.

या सर्वांत सारसाचा अधिकार आगळा. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच असलेला, सुमारे पुरुषभर उंचीचा हा क्रौंचकुलातील पक्षी आज महाराष्ट्रात जवळजवळ याच दोन जिल्ह्यांच्या आश्रयाने उरला असून त्याची येथील संख्या शंभराच्याही आत आहे. ऐन पावसाळ्यात, पाण्याने भरलेल्या बांधीच्या मधोमध, गवत आणि प्रसंगी उभे धानही उपटून तो घरट्याचा ढीग रचतो. त्यावर बहुधा दोन अंडी घातली जातात आणि नरमादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. भोवतालचे पाणी हाच त्या घरट्याचा तट. ते आटले की कुत्र्या-कोल्ह्यांना वाट मोकळी होते. घरट्यापायी धानाचा तेवढा तुकडा बुडतो, हे नुकसान कोणत्याही आणेवारीत धरले जात नाही. ते सोसणारा शेतकरी आहे म्हणूनच येथे सारस आहे, असे माझे मत आहे. पिले एक-दोन दिवसांत चालू लागतात, परंतु त्यांना उडता येण्यास तीन महिने लागतात; म्हणजे अंडी उशिरा पडली तर कापणीचे विळे शेतात शिरतात तेव्हाही पिले जमिनीवरच असतात. उडू लागल्यावर शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारांचा धोका असतोच.

कापणीनंतरच्या ओलाव्यात काही ठिकाणी लाखोळी उगवू लागते, बांध्यांच्या चिखलात लांब चोच खुपसणारे पाणलावे उत्तरेकडून येऊन दाखल होतात, आणि धसकटांवरून खालच्या खाली तरंगत उंदीर व लहान पाखरे हुडकणारा भोवत्या दिसू लागतो. माघ-फाल्गुनात बांध्या कोरड्या पडल्या की पाण्यावाचून न राहणाऱ्यांना तलावाखेरीज गती उरत नाही, आणि तलावांत तर गाळ साठून काठ बेशरमाच्या झुडुपांनी व्यापले आहेत. तो गाळ काढण्याची जबाबदारी पूर्वी कोणाची होती आणि आता कोणाची आहे, याचा विचार पुढील लेखांकी करू.