टाकाऊतून टिकाऊ : कौशल्याला हिशेबाची जोड

जुन्या लुगड्यांचे थर जोडून गोधडी शिवणारी आजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या गोधडीची किंमत तिने कधी काढली नाही, कारण ती घरच्यांसाठी होती. मात्र तीच कला उपजीविकेचे साधन व्हायची असेल, तर सुईदोऱ्याच्या जोडीला वही-पेन्सिलही हाती घ्यावी लागते. रायपूर येथील सेवाकाळात एका प्रशिक्षणवर्गाने मला हे शिकविले.

वर्गात बचत गटातील महिला शिंप्यांकडील कातरणांपासून बाजाराच्या पिशव्या शिवत होत्या. शिवण सुबक, रंगसंगती मोहक. विक्रीची किंमत विचारली, तेव्हा उत्तर मिळाले, ‘तीस रुपये.’ आणि उत्पादनखर्च? एक भगिनी हसून म्हणाली, ‘कपडा तो मुफ्त का है, साहब!’

फुकट मालाची किंमत

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दोरा, पट्टे, धुलाई, वीज व यंत्राची झीज मिळून एका पिशवीस 13 रुपये. वेळ 40 मिनिटे, म्हणजे आठ तासांत 12 पिशव्या. तीस रुपयांतून तेरा वजा जाता उरले 17. बारा पिशव्यांचे 204 रुपये. दिवसाची मजुरी 400 रुपये धरली, तर निम्मीच पदरात पडत होती. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला.

नव्या कापडाच्या ताग्यावर एकदा कात्री चालविली की काम भागते. कातरणे मात्र निवडावी, धुवावी, इस्त्री करावी आणि तुकड्याला तुकडा जोडावा लागतो. मालाचे वाचलेले पैसे असे वेळेच्या रूपाने भरावे लागतात. हा वेळ हिशेबात धरला नाही, तर नुकसान दिसतच नाही.

उपायही महिलांनीच सुचविले. कातरणे आधीच रंगानुसार लावावीत, पुठ्ठ्याचा एकच साचा वापरावा, एकीने कापावे व दुसरीने शिवावे. वेळ सरासरी 30 मिनिटांवर आला, तर माणशी 16 पिशव्या होतात. किंमत अवघी दहा रुपयांनी वाढवून 40 केली, तरी दिवसाचे 432 रुपये सुटतात. शिवण तीच, कापड तेच. बदलली ती कामाची पद्धत.

उत्तरेचा धडा, दक्षिणेचा धडा

रायपूर हे छत्तीसगडच्या मध्यभागी. राज्याच्या उत्तरेस अंबिकापूर आहे. तेथे 2015 पासून बचत गटांतील महिला घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात आणि केंद्रावर त्याची बारकाईने वर्गवारी करतात. नागरिकांकडील शुल्क आणि वेगळ्या केलेल्या वस्तूंची विक्री यांतून हे काम चालते. एकत्र मिसळलेल्या ढिगाला भाव नसतो. वर्गवारी केलेल्या पुठ्ठ्याला, धातूला व प्लास्टिकला असतो. टाकाऊपासून कमाईचे पहिले कौशल्य म्हणजे निवडणे, हे अंबिकापूर शिकविते.

दक्षिणेकडील बस्तरचा धडा वेगळा आहे. कोंडागाव परिसरातील ढोकरा कारागीर पितळेची मोड वितळवून मेणाच्या साच्याच्या पद्धतीने मूर्ती घडवितात. तेथील लोहार भंगार लोखंड तापवून, ठोकून दिवे व हरणे साकारतात. या दोन्ही कलांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. ते पितळ पूर्वी कोणाचे भांडे होते, हे ग्राहक विचारीत नाही. तो किंमत देतो ती हातातील कलेची. ‘टाकाऊपासून केलेले, म्हणून स्वस्त’ हे समीकरण बस्तरने केव्हाच मोडीत काढले आहे.

बँकेची भूमिका

अशा कौशल्यांचे शिक्षण देण्यात बँकांचा वाटा जुना आहे. 1982 मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे धर्मस्थळाच्या पुढाकाराने आणि दोन बँकांच्या साहाय्याने ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. त्याच धर्तीवर आज देशभर जिल्हानिहाय ‘आरसेटी’ कार्यरत आहेत. तेथील अल्पकालीन निवासी प्रशिक्षण विनामूल्य असून, त्यानंतरही प्रशिक्षणार्थींचा पाठपुरावा केला जातो. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. लोहार, टोपली विणणारे, खेळणी बनविणारे अशा 18 पारंपरिक व्यवसायांसाठी 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजनाही आहे.

बाजारपेठही अनुकूल होत आहे. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तर 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांवर. कापडी पिशवीची गरज त्यामुळे वाढली आहे.

तरीही कर्ज हे शेवटचे पाऊल होय. शिलाईयंत्रासाठी अर्ज आला, की आम्ही अधिकाऱ्यांनी प्रथम विचारावे, ‘एका नगाला वेळ किती लागतो?’ या प्रश्नाचे उत्तर वहीत असेल, तर हप्ता सहसा थकत नाही. नसेल, तर उत्तम कारागीरही कर्जाखाली दबून जातो.

ग्राहक म्हणून आपणही एक करू शकतो. प्रदर्शनात कातरणांची पिशवी हाती घेऊन ‘चिंध्यांचे चाळीस रुपये?’ असे म्हणण्यापूर्वी तिच्यामागचा अर्धा तास आठवावा. कापड फुकटचे असेल. तो अर्धा तास नाही.